पिशवी कापडी, फेरी पेट्रोलची

सदर : संसाराची वही

आपल्या इंदुराने गेल्या काही वर्षांत एक मोठी गोष्ट करून दाखविली आहे. २०१७ पासून स्वच्छ शहरांच्या देशव्यापी स्पर्धेत इंदूरचे नाव सतत अग्रभागी राहिले; आणि या यशात महानगरपालिकेचा वाटा जेवढा, तेवढाच घराघरांतील गृहिणींचाही आहे. ओला कचरा निराळा, सुका निराळा, प्लॅस्टिक निराळे, अशी वर्गवारी करण्याचे काम अखेर स्वयंपाकघराच्या दारातच होते. त्याच ओल्या कचऱ्यावर देवगुराडियाजवळचा प्रकल्प १९ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झाला. रोज ५५० टन कचरा पचवून सुमारे १७ हजार किलो वायू तयार करण्याची त्याची क्षमता आहे, आणि तो वायू शहरातील बसगाड्यांनाही पुरविला जातो. भाजीच्या देठांवर बस धावते, असे आपल्या आज्यांना कुणी सांगितले असते, तर त्यांनी पदर तोंडाला लावून हसू आवरले असते!

परंतु वाचकहो, आपल्या घरातून रोज बाहेर पडणारा असाही एक कचरा आहे की, जो कोणतीही गाडी उचलून नेत नाही. तो डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास येत नाही. म्हणून तो आपल्या लेखी नसतोच. तो म्हणजे कार्बन डायऑक्साइड, ज्याला जुन्या शालेय पुस्तकांत कर्बवायू म्हणत. आपण जाळलेल्या प्रत्येक लिटर पेट्रोलमागे, पेटविलेल्या गॅसच्या शेगडीमागे आणि कोळशावर निर्माण झालेल्या विजेच्या प्रत्येक युनिटमागे तो हवेत जातो, शेकडो वर्षे तेथे राहतो आणि पृथ्वीवरील उष्णता धरून ठेवतो. एखाद्या माणसाच्या राहणीमुळे असा वायू किती निघतो, या मापाला हल्ली ‘कार्बन फूटप्रिंट’ म्हणतात. आपण त्याला कार्बनची पाऊलखूण म्हणू. या महिन्याच्या वहीत ही पाऊलखूण मांडून पाहावयाची आहे, आणि तीही मुख्यतः दोनच खात्यांवर : जाणे-येणे आणि बाजारहाट.

प्रथम वजनमापे ठरवून घेऊ. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोहून किंचित कमी भरते. पण ते जळाल्यावर सुमारे २.३ किलो कर्बवायू निघतो. पाऊण किलोचे सव्वादोन किलो कसे होतात, असा प्रश्न कुणाच्याही मनात येईल. उत्तर असे की, पेट्रोलातील कार्बन जळताना हवेतील प्राणवायू स्वतःशी जोडून घेतो. १२ भाग कार्बनला ३२ भाग प्राणवायू. वजन वाढते ते त्यामुळे. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते, तेव्हा हा आकडा थोडा इकडेतिकडे होईल. घरगुती हिशेबास तो पुरेसा आहे. स्वयंपाकाच्या गॅसचा १४.२ किलोचा सिलिंडर संपेपर्यंत सुमारे ४२ किलो कर्बवायू निघतो. आपल्या देशातील विजेच्या एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅम धरावे. ही तीन मापे शेगडीमागच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखी आहेत.

आता बाजाराकडे वळू. भाजी आणावयास निघताना कापडी पिशवी घेण्याची सवय आपल्याकडे बहुतेक घरांत पुन्हा रुजली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. कायद्यानेही तिला हातभार लावला : ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉनहून पातळ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनहून पातळ प्लॅस्टिक पिशव्यांना देशभर बंदी आहे. तरीही हातगाडीवर पातळ पिशवी मिळतेच. तिचे वजन साधारण ५ ग्रॅम. पॉलिथिन तयार होताना त्याच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट कर्बवायू निघतो, आणि ते जाळले तर वजनाच्या तिप्पट. म्हणजे त्या पिशवीचा जन्मापासून अंत्यविधीपर्यंतचा हिशेब फार तर २५ ग्रॅमचा झाला.

हीच भाजी आणण्यासाठी दीड किलोमीटरवरच्या मंडीत स्कूटरने गेलो, तर काय होते? लिटरला ४५ किलोमीटर चालणारी स्कूटर दर किलोमीटरला सुमारे ५० ग्रॅम कर्बवायू सोडते. जाऊन-येऊन ३ किलोमीटर, म्हणजे दीडशे ग्रॅम. मोटार काढली आणि ती लिटरला १५ किलोमीटर चालणारी असली, तर साडेचारशे ग्रॅमांहून थोडे अधिक. आपण पिशवी नाकारून पंचवीस ग्रॅम वाचविले, आणि ती नाकारण्यासाठी ज्या वाहनावर बसून गेलो, त्याने सहापट ते अठरापट उधळले. पिशवी कापडी, पण फेरी पेट्रोलची!

यावरून प्लॅस्टिकची पिशवी निर्दोष ठरते, असे कुणी समजू नये. ती नाल्यात अडकते, गाईच्या पोटात जाते, मातीत वर्षानुवर्षे तशीच पडून राहते. तिला नकार देण्यास ही कारणे भरपूर आहेत. सांगावयाचे आहे ते एवढेच की, ते दोष निराळ्या खात्यावरचे आहेत. हवेच्या खात्यावर पिशवीपेक्षा फेरी फार जड आहे, आणि आपले लक्ष मात्र सारे पिशवीवर असते.

पिशवीविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. कापूस पिकविणे, सूत काढणे, विणणे, रंगविणे या सर्वांस पाणी, खत आणि वीज लागते. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, नवी सुती पिशवी १३१ वेळा वापरली, तेव्हा कोठे ती हवेच्या दृष्टीने एकदाच वापरलेल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. लग्नमुंजीत आणि समारंभांत भेट मिळालेल्या नव्याकोऱ्या कापडी पिशव्यांचा ढीग ज्या कपाटात पडला असेल, त्या कपाटाने पर्यावरणाची सेवा केली असे म्हणता येत नाही. याउलट जुन्या पातळाची, विजारीच्या पायांची किंवा उशीच्या अभ्र्याची शिवलेली पिशवी पहिल्या दिवसापासून फायद्यात असते. कारण ते कापड आधीच आपले काम करून चुकलेले असते. आपल्या घरांत हे कुणी शिकवावे लागत नसे. पातळ जुने झाले की त्याचे दुपटे, दुपट्याचे पायपुसणे, आणि जे धड असे ते बोहारणीच्या पाटीत. कापडाचा प्रवास असा शेवटच्या धाग्यापर्यंत चाले.

आता एक उदाहरण सर्वांच्या जिव्हाळ्याचे. चैत्र-वैशाखात रत्नागिरीच्या हापूसची पेटी आल्याशिवाय मराठी घराला उन्हाळा लागत नाही, मग ते घर गिरगावात असो की रामबागेत. दूरचा माल वापरू नये, असा उपदेश हल्ली सर्वत्र ऐकू येतो. त्यामुळे हापूस खाणे हे पाप ठरते की काय, अशी शंका येईल. हिशेब करू. रत्नागिरीहून इंदूर सडकेने सुमारे ९०० किलोमीटर. भरलेला ट्रक एक टन माल एक किलोमीटर नेताना सुमारे १०० ग्रॅम कर्बवायू सोडतो. पेटीचे वजन पंधरा-सोळा किलो धरले, तर तिच्या वाट्याला सगळ्या प्रवासाचा कर्बवायू दीड किलोच्या आत-बाहेर येतो. आणि तीच पेटी आणण्यासाठी आपण शहराच्या दुसऱ्या टोकाला सात किलोमीटर मोटार नेली आणि परत आणली, तर जवळजवळ एक लिटर पेट्रोल, म्हणजे सव्वादोन किलो! घाट, नद्या आणि दोन राज्ये ओलांडून आंब्याने जेवढे खर्च केले नाही, तेवढे आपण त्याच्या स्वागतास जाण्यात खर्च केले. चार शेजाऱ्यांनी मिळून चार पेट्या एका फेरीत आणाव्यात, इतकाच याचा अर्थ; आंबा सोडण्याचे कारण नाही.

यात एक सूत्र दडलेले आहे. माल किती दुरून आला, यापेक्षा तो कशातून आला आणि एका खेपेत किती आला, याला महत्त्व अधिक. जहाज आणि आगगाडी सर्वांत हलकी, ट्रक त्यांहून बराच भारी, आणि विमान तर जहाजाच्या सुमारे पन्नासपट भारी. म्हणून परदेशातून विमानाने येणारी नाजूक फळे आपल्या मांडवातील पाहुण्यांपुढे ठेवण्याची नवी हौस मात्र खरोखर महाग आहे. माळव्यातील पेरू, सीताफळे आणि जांभळे ज्या त्या हंगामात असताना तिची गरजही दिसत नाही.

एका खेपेत पुष्कळ आणणे ही गोष्ट आपल्या संसारास मुळीच नवी नाही. उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरावा, ऊन दाखवून, एरंडेल चोळून कोठीत घालावा. मसाला, पापड, कुरडया एकदाच करून ठेवाव्यात. आणि महिन्याच्या आरंभी वाणसामानाची यादी दुकानदाराकडे द्यावी, म्हणजे त्याचा मुलगा सायकलवरून सामान पोहोचते करील. ही व्यवस्था पैसा आणि श्रम वाचविण्यासाठी बसविलेली होती. कर्बवायूचे नावही त्या काळी घरात कुणी उच्चारले नव्हते. परंतु आज हिशेब मांडला तर तीच सर्वांत हलकी ठरते. आता छावणीच्या धान्यबाजारातून किंवा सियागंजातून एकदम आणणे सर्वांना जमत नाही, सदनिकांत कोठीला जागा नसते, हे मान्य. पण महिन्याची यादी करावयास जागा लागत नाही. यादी नसली की आज जिरे, उद्या साबण, परवा रवा अशा फेऱ्या सुरू होतात. किंवा मोबाइलवर बोट ठेवताच दहा मिनिटांत एक मुलगा एकच पुडा घेऊन दारात उभा राहतो. घरपोच सामान वाईट नव्हे : एका फेरीत दहा घरांचे सामान वाटणारा माणूस दहा मोटारींपेक्षा केव्हाही बरा. वाईट आहे ती घाई. दहा मिनिटांच्या अटीमुळे त्याला दहा घरांची वाट पाहता येत नाही, आणि त्या मुलाला जिवावर उदार होऊन गाडी हाकावी लागते, ते निराळेच.

आता एका मध्यमवर्गीय घराचा महिना मांडू. भाजीची रोजची फेरी ३ किलोमीटर, महिन्याला ९०. मुलाची शिकवणी दोन किलोमीटरवर. सोडून परत येणे आणि आणावयास पुन्हा जाणे, म्हणजे दिवसाला ८, महिन्याचे २५ दिवस धरून २००. विसरलेल्या वस्तूंच्या किरकोळ फेऱ्या ४०. एकूण ३३० किलोमीटर. यात नोकरीचे जाणे-येणे धरलेले नाही. हे सारे स्कूटरने केले तर सुमारे १७ किलो कर्बवायू. मोटारीने केले तर २२ लिटर पेट्रोल आणि ५० किलो. म्हणजे गॅसच्या अख्ख्या सिलिंडराहून अधिक! घरातील सर्वांचा स्वयंपाक ज्यावर होतो, त्याहून अधिक जाळ आपण शिकवणी आणि कोथिंबीर यांत करतो.

यातून कमी काय करता येईल? भाजी एक दिवसाआड, आणि तीही कामावरून परतताना वाटेत घेतली, तर ते खाते जवळजवळ पुसले जाते. शिकवणीस तीन घरांची मुले पाळीपाळीने नेली, तर त्या खात्याचा तिसरा भाग उरतो. आठवी-नववीचा मुलगा सायकलने गेला, तर काहीच उरत नाही. एक किलोमीटरच्या आतले काम पायी करावयाचे, हा नियम घराने स्वतःस घालून घ्यावा. नवे वाहन घ्यावयाचेच असेल, तर विजेवर चालणारी स्कूटर किलोमीटरला वीस ग्रॅमांच्या आसपास येते, म्हणजे पेट्रोलच्या निम्म्याहून कमी. छपरावर सौर पत्रे असतील तर त्याहूनही कमी. मात्र चालू स्थितीतील जुनी गाडी घरी असता केवळ हौसेखातर दुसरी घेणे, यात हवेचा लाभ नाही. कारण नवे वाहन घडवितानाही कर्बवायू निघतोच.

बसचे तर सांगावयासच नको. लिटरला चार किलोमीटर जाणारी डिझेलची बस चाळीस उतारूंनी भरलेली असेल, तर एकेकाच्या वाट्याला किलोमीटरमागे १७ ग्रॅम येतात. मोटारीत एकट्याने बसलेल्या गृहस्थाचे दीडशेहून अधिक. आपल्याकडे २०१३ साली बसगाड्यांसाठी राखलेला मार्ग सुरू झाला आणि २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या संमतीनंतर तो काढून टाकण्यास आरंभ झाला. ३१ मे २०२५ रोजी मेट्रोचा पहिला लहानसा टप्पाही सुरू झाला. तो मार्ग राहावयास हवा होता की नको, या वादात या पानाला पडावयाचे नाही. परंतु बस, मेट्रो वा अन्य काहीही असो, तेथपर्यंत चालत जाण्यास पदपथ हवा, आणि मुलाला सायकलवर एकटे सोडताना आईच्या जिवाची घालमेल होऊ नये, एवढा रस्ता सुरक्षित हवा. ज्या शहराने घराघरांतून कचऱ्याची वर्गवारी करवून घेतली, त्या शहराकडे नागरिकांनी आता पदपथाची मागणी करावी. पालिकेने सांगितले ते आपण ऐकले. आता आपण सांगावे, पालिकेने ऐकावे.

येथे थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. पर्यावरणाचा विषय निघाला की, त्याचे ओझे बहुधा गृहिणीच्या डोक्यावर येते. पिशवी तिने शिवावी, कचरा तिने निवडावा, वर्षाचे धान्य तिने वाळवावे, गाडी टाळून पायी तिने जावे. आणि घरातील पुरुषमंडळींनी कोपऱ्यावरच्या पानाच्या दुकानापर्यंत मोटार काढावी! असा हिशेब कुठल्याही वहीत जुळत नाही. वर मांडलेल्या महिन्यात कर्बवायूचा मोठा भाग चाकांतून निघतो, पिशवीतून नव्हे; आणि चाकांची किल्ली ज्याच्या खिशात, जबाबदारीही त्याचीच. यादी करणे, येताना भाजी आणणे, मुलांची पाळी सांभाळणे ही कामे पुरुषांनी अंगावर घेतली, तर गृहिणीचे श्रम न वाढता घराचा भार हलका होतो.

आणखी एक माणूस या हिशेबात विसरता कामा नये. आपल्याकडे धुण्याभांड्यांस येणाऱ्या मावशी पायी येतात किंवा बसने. त्यांच्या घरी मोटार नाही, शीतकपाट असलेच तर लहानसे, विमान त्यांनी आकाशातच पाहिलेले. भारतातील माणशी सरासरी वर्षाला सुमारे दोन टन कर्बवायूची आहे. जगाची साडेचारहून अधिक आणि अमेरिकेची चौदाच्या आसपास. मावशींचा वाटा या दोन टनांच्याही पुष्कळ खाली असणार. परंतु वैशाखात पत्र्याच्या छपराखाली झोपावयाचे ते त्यांना. ज्यांनी उष्णतेत भर घातली नाही, त्यांनाच ती आधी पोळते. आपण किती जाळतो याची नोंद ठेवण्याचे कारण विज्ञानाच्या पुस्तकांत आहेच, पण आपल्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारातही आहे.

शेवटचे कलम सर्वांत नाजूक. इंदुराहून मुंबईला विमानाने गेले, तर एकेका प्रवाशामागे ५० किलोंहून अधिक कर्बवायू निघतो. अवंतिका एक्सप्रेसने रात्रीचा प्रवास केला, तर त्याचा एक लहानसा अंश. लग्नकार्यासाठी पंधरा माणसे मुंबईस निघतात, तेव्हा महिना आधी तारीख ठरवून रेल्वेची तिकिटे काढणे, हीच मोठी बचत होय. पण आपल्यापैकी कित्येकांची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत. तेथे जाऊन-येऊन एका माणसामागे दोन टनांहून अधिक कर्बवायू निघतो. म्हणजे भारतीय माणसाची वर्षभराची सगळी सरासरी एका प्रवासात संपते. कापडी पिशव्यांनी ही भरपाई आयुष्यभर होणार नाही, हे खरे आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तरीही नातवाला मांडीवर घेऊ नका, असे कोणत्या तोंडाने सांगावे? एवढेच सुचविता येईल की, दोनदा धावतपळत जाण्यापेक्षा एकदा जावे आणि सवडीने राहावे. त्यात आजी-आजोबांना नातवंडे अधिक लाभतात आणि आकाशातील एक फेरी वाचते. काही खर्च प्रेमापोटी करावयाचे असतात. ते करताना किंमत ठाऊक असावी आणि जेथे प्रेमाचा संबंध नाही, अशा फेऱ्या आधी छाटाव्यात.

येत्या महिन्यासाठी एक सोपा उपक्रम सुचविते. दिनदर्शिकेशेजारी एक कागद टांगावा आणि त्यावर चार रकाने आखावेत : कोण गेले, कशासाठी, कोणत्या वाहनाने, किती किलोमीटर. घरातील प्रत्येकाने परतल्यावर स्वतःच्या हाताने नोंद करावी. लहान मुलांना बेरजेचे काम द्यावे. महिनाअखेर स्कूटरचे किलोमीटर ५० ग्रॅमांनी आणि मोटारीचे १५० ग्रॅमांनी गुणावेत. मग कोणत्या दोन फेऱ्या एकत्र करता आल्या असत्या, कोणती पायी झाली असती आणि कोणती मुळीच नको होती, यावर रात्रीच्या जेवणानंतर सर्वांनी मिळून पेन्सिलीने खुणा कराव्यात. ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील वाचकांनी आपापल्या गावच्या अंतरांनी हाच हिशेब करून पाहावा. आलेली बेरीज आणि छाटलेल्या फेऱ्या या पानाकडे अवश्य कळवाव्यात. कुणाच्या घरी पाळीची व्यवस्था नीट बसली असेल, तर ती कशी बसविली, हेही लिहावे. इतर घरांना त्याचाच उपयोग अधिक होईल.